परिरक्षक रसायन निसर्गात किती टिकतं, किती साठतं, किती बाधतं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

परिरक्षकांच्या, म्हणजे वस्तू खराब होऊ नये म्हणून घालायच्या रसायनांच्या, पर्यावरणीय चाचण्यांचे अहवाल वाचणं हे माझं रोजचं काम. त्यावरून जे प्रश्न सारखे येत राहतात ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांनी आहे, पेचाचे प्रश्न पुढे आहेत. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल. एकच गोष्ट दोनदा सांगण्याऐवजी तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. पीबीटी, पीबीटी म्हणतात ते नेमकं काय? आणि परिरक्षकाच्या बाबतीत त्याचा एवढा विचार का?

पी म्हणजे टिकाऊपणा, बी म्हणजे जैवसंचय, टी म्हणजे विषारीपणा. पदार्थ पाण्यात, गाळात, मातीत न मोडता किती दिवस राहतो, सजीवांच्या अंगात किती साठतो आणि थोड्या मात्रेत पण दीर्घकाळ भेटत राहिला तर किती अपाय करतो, अशा तीन गोष्टी तपासायच्या. तिन्हींत तो मर्यादेबाहेर गेला की पीबीटी ठरतो.

नुसत्या विषारी पदार्थाची सुरक्षित पातळी काढता येते. नदीत तो किती येईल याचा हिशोब करायचा, ती पातळी ओलांडली जाते का ते बघायचं, आणि जास्त झालं तर सोडणं थांबवायचं. पीबीटी पदार्थापाशी हा हिशोब कोलमडतो. आज सोडलेलं दहा वर्षांनी कुठे आणि कुणाच्या अंगात असेल ते सांगता येत नाही, आणि चूक लक्षात आली तरी ते परत गोळा करता येत नाही. म्हणून अशा पदार्थांची सुरक्षित पातळी काढण्याच्या भानगडीत पडत नाहीत. तो वापरातून कसा जाईल हेच बघतात.

परिरक्षकाचा पेच त्याच्या कामातच आहे. त्याने जंतू मारायचे आणि डब्यात किंवा बाटलीत महिनोन्‌महिने शाबूत राहायचं. निसर्गात त्याला मोडणार ते मात्र जंतूच. या एका विसंगतीतून खालचे निम्मे प्रश्न निघतात.

२. मर्यादा नक्की कोणत्या? आकडे सांगा.

सर्वांत जास्त वापरले जाणारे आकडे युरोपीय संघाच्या रसायनविषयक रीच कायद्यातले. पुढीलपैकी कुठल्याही एका माध्यमात अर्धायुष्य (निम्मा पदार्थ मोडायला लागणारा काळ) मर्यादेपेक्षा जास्त असलं की पदार्थ टिकाऊ:

- समुद्राच्या पाण्यात ६० दिवस
- गोड्या किंवा खाडीच्या पाण्यात ४० दिवस
- समुद्रतळाच्या गाळात १८० दिवस
- गोड्या पाण्याच्या किंवा खाडीच्या गाळात १२० दिवस
- मातीत १२० दिवस

जैवसंचयासाठी बीसीएफ, म्हणजे जैवसंचय गुणांक (पाण्याच्या मानाने माशात पदार्थ किती पटीने साठतो तो आकडा), २००० लिटर प्रति किलोच्या वर असावा लागतो. विषारीपणासाठी जलचरांवरच्या दीर्घकालीन चाचणीत अपाय न दिसणारी मात्रा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटरपेक्षा कमी असावी लागते. पदार्थ कर्करोगकारक, जनुकांना किंवा प्रजननाला घातक, किंवा वारंवार संपर्काने अवयवांना इजा करणारा ठरला असेल, तरी टी लागू होतो.

दुसरा एक वर्ग ‘अतिटिकाऊ आणि अतिसंचयी’ पदार्थांचा. तिथे पाण्यात ६० दिवस, गाळात आणि मातीत १८० दिवस आणि बीसीएफ ५००० अशा मर्यादा आहेत, आणि विषारीपणा सिद्ध करावाच लागत नाही.

२००१ मध्ये झालेल्या आणि २००४ पासून लागू असलेल्या, टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरच्या स्टॉकहोम कराराचे आकडे थोडे वेगळे आहेत: पाण्यात दोन महिने, माती-गाळात सहा महिने, बीसीएफ ५०००. शिवाय पदार्थ दूरवर पसरतो याचा पुरावा लागतो. अहवालात ‘टिकाऊ नाही’ असं वाचलंत तर कुठल्या नियमाप्रमाणे ते आधी बघा.

३. परिरक्षक म्हणजे जंतूंचं विषच. मग सगळीच परिरक्षकं पीबीटी नाहीत का?

नाहीत. विषारी असणं हा तीनपैकी एकच भाग झाला.

जहाजाच्या तळाला शेवाळ आणि शिंपले चिकटू नयेत म्हणून लावायच्या रंगांचं उदाहरण घ्या. त्यात पूर्वी ट्रायब्युटिल टिन असायचं. ते गाळात वर्षानुवर्षं राहिलं आणि लिटरला काही नॅनोग्रॅम एवढ्याशा मात्रेत सागरी गोगलगाईंच्या माद्यांना नराची इंद्रियं फुटू लागली. अखेर आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या कराराने ते थांबलं. हा करार २००१ मध्ये झाला आणि २००८ मध्ये अमलात आला. त्याच कामासाठी आलेलं डीसीओआयटी हेही जलचरांना अतिशय विषारी आहे, लिटरला मायक्रोग्रॅमच्या घरात. पण समुद्राच्या पाण्यात त्याचं अर्धायुष्य एका दिवसाच्या आत आहे. सूक्ष्मजीव त्याच्या रेणूतलं गंधक-नायट्रोजनचं कडं फोडतात आणि उरलेल्या तुकड्यांचा विषारीपणा खूपच कमी असतो. १९९६ मध्ये या पदार्थाला अमेरिकेचा हरित रसायनशास्त्राचा राष्ट्राध्यक्षीय पुरस्कार मिळाला.

याचा अर्थ डीसीओआयटी निर्धोक आहे असा मुळीच नाही. ते जिथे सोडलं जातं तिथल्या जीवांना त्याचा धोका आहेच, आणि त्याचं मूल्यमापन वेगळ्या पद्धतीने होतं. फक्त ते पीबीटी नाही.

४. आमचं परिरक्षक ‘सहज जैवविघटनशील’ चाचणीत नापास झालं. म्हणजे ते टिकाऊ ठरलं का?

अजून नाही. सर्वाधिक गैरसमज याच चाचणीबद्दल आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ही ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवून दिलेल्या पद्धतींपैकी ३०१ मालिकेतली चाचणी. बाटलीत क्षारांचं पाणी, सांडपाणी प्रकल्पातून आणलेले थोडे सूक्ष्मजीव आणि त्यांना खायला फक्त आपला पदार्थ. २८ दिवस बाटली बंद ठेवून किती ऑक्सिजन खर्च झाला किंवा किती कार्बन डायऑक्साइड निघाला ते मोजतात. पूर्ण विघटनाला जेवढं लागेल त्याच्या ६० टक्के गाठले की पास. विरघळलेला सेंद्रिय कार्बन मोजत असाल तर ७० टक्के.

आता ३०१ एफ या प्रकारात पदार्थ साधारण १०० मिलिग्रॅम प्रति लिटर टाकतात. साखरेसारख्या पदार्थाला ते ठीक आहे. परिरक्षक एवढ्या मात्रेत टाकलं की त्याला खायला आणलेले सूक्ष्मजीवच मरतात. आलेख २८ दिवस आडवा राहतो आणि अहवालात ‘विघटन शून्य’ असं लागतं. तोच पदार्थ ३०१ डी या बंद बाटलीच्या प्रकारात २ मिलिग्रॅमला टाकला तर कधीकधी आरामात पास होतो.

हे ओळखण्याची सोय चाचणीतच आहे. एका जादा बाटलीत आपला पदार्थ आणि सोबत सहज मोडणारा एखादा संदर्भ पदार्थ घालतात. १४ दिवसांत तिथेही २५ टक्के विघटन झालं नाही, तर आपल्या पदार्थाने सूक्ष्मजीवांना दाबलं असं धरतात. कार्बन मोजणाऱ्या प्रकारात हा आकडा ३५ टक्के. अशा चाचणीवरून टिकाऊपणाबद्दल काहीच म्हणता येत नाही. अहवाल हातात आला की मी आधी या बाटलीची ओळ शोधतो. आणि तो संदर्भ पदार्थ बहुतेक वेळा सोडियम बेंझोएट असतो, जो स्वतःच खाद्यपदार्थांतलं परिरक्षक आहे. परिरक्षक असूनही सहज मोडता येतं याचा पुरावा त्याच मांडणीत शेजारच्या बाटलीत असतो.

उलट, पदार्थ पास झाला तर टिकाऊपणाचा प्रश्न बहुधा तिथेच मिटतो. १० टक्क्यांपासून पुढे दहा दिवसांत ६० गाठण्याची जी अट आहे ती पीबीटीसाठी बघत नाहीत. नापास झाला आणि दाबण्याचा संशय नसला, तर पुढची पायरी म्हणजे खऱ्या पाण्यात, गाळात, मातीत केलेल्या चाचण्या, अनुक्रमे ओईसीडी ३०९, ३०८ आणि ३०७. ३०९ मध्ये मात्रा लिटरला १ ते १०० मायक्रोग्रॅम एवढीच असते, त्यामुळे परिरक्षकासाठी ती जास्त न्याय्य.

५. अर्धायुष्य ४० दिवस म्हणजे ८० दिवसांत सगळं संपलं ना?

नाही. ४० दिवसांनी निम्मं उरतं, ८० दिवसांनी पाव. १ टक्क्याच्या खाली जायला जवळपास सात अर्धायुष्यं, म्हणजे जवळपास नऊ महिने लागतात. हेही पुन्हा नवं काही आलं नाही तर. ते येत राहिलं तर काय होतं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

६. अहवालात पाण्यातलं अर्धायुष्य २० दिवस लिहिलंय, तरी ‘टिकाऊ’ असा शेरा. चूक झाली का?

बहुधा चूक नाही, तापमान आहे. प्रयोगशाळेत चाचणी २० अंश सेल्सिअसला होते. युरोपीय मूल्यमापनात मात्र गोड्या पाण्यासाठी आणि मातीसाठी १२ अंश आणि समुद्रासाठी ९ अंश हे संदर्भ तापमान धरतात. थंडीत सूक्ष्मजीवांचं काम मंदावतं. नेहमीच्या सूत्राने २० वरून १२ अंशांवर येताना पाण्यातलं अर्धायुष्य सुमारे २.१२ पट होतं. २० दिवसांचे ४२ दिवस झाले आणि ४० ची रेघ ओलांडली गेली. म्हणून अर्धायुष्याच्या आकड्याशेजारी तापमान लिहिलेलं नसेल तर तो आकडा मी अपुरा मानतो.

७. दहा दिवसांत पाण्यात पदार्थाचा मागमूस राहिला नाही. याहून चांगलं काय हवं?

तो गेला कुठे ते कळायला हवं. पाण्यातून नाहीसं होण्याचे निदान तीन रस्ते आहेत: मोडणं, हवेत उडून जाणं आणि गाळाला चिकटणं. शेवटच्या दोहोंत पदार्थाने फक्त जागा बदललेली असते. बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखी धनभारित परिरक्षकं गाळाच्या कणांना इतकी घट्ट चिकटतात की पाणी तपासलं तर स्वच्छ दिसावं.

म्हणून गाळाच्या चाचणीत रेणूतल्या कार्बनला किरणोत्सारी खूण करतात, कार्बन-१४ वापरून, आणि शेवटी हिशोब जुळवतात: एवढा वायू झाला, एवढा पाण्यात, एवढा गाळातून द्रावकाने सुटला, एवढा सुटलाच नाही. बेरीज ९० ते ११० टक्क्यांत यायला हवी. यातला ‘सुटलाच नाही’ हा भाग वादाचा. तो मातीचा कायमचा भाग झाला की मूळ पदार्थ तिथे दडून बसलाय आणि उद्या सुटेल? हे न दाखवता तो ‘विघटन’ या सदरात टाकलेला मला मान्य नाही.

८. मूळ परिरक्षक झटपट मोडतं. मग टिकाऊपणाचा विषय संपला का?

मोडून काय झालं, यावर ते अवलंबून आहे. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

लाकडाला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून वापरलं गेलेलं पेंटाक्लोरोफिनॉल बघा. त्याच्या रेणूला एक हायड्रॉक्सिल गट असतो. साध्या पाण्यात तो गट हायड्रोजन सोडून देतो, रेणूवर ऋण भार येतो आणि पाण्यात राहणं त्याला सोयीचं होतं. मातीतले काही सूक्ष्मजीव त्याच जागी मिथाइल गट बसवतात. झाला पेंटाक्लोरोअ‍ॅनिसोल. आता भार घेण्याची सोयच उरली नाही, त्यामुळे हा पदार्थ चरबीत शिरतो आणि सहज बाहेर पडत नाही. स्टॉकहोम कराराच्या तज्ज्ञ समितीचा निष्कर्ष असा होता, की पेंटाक्लोरोफिनॉलचा रेणू एकटा सगळ्या निकषांत बसत नाही, या रूपांतरित पदार्थासकट धरला की बसतो. त्याच आधारावर २०१५ मध्ये त्याचं नाव करारात आलं.

साबण-टूथपेस्टमध्ये घातलं गेलेलं जंतुनाशक ट्रायक्लोसान, त्याचंही तसंच. सांडपाणी प्रक्रियेत त्याचा काही भाग मिथाइल ट्रायक्लोसान होतो आणि तो माशांच्या अंगात सापडतो. सूर्यप्रकाशात काही भागापासून डायऑक्सिनच्या कुळातला एक क्लोरिनयुक्त पदार्थ बनतो.

नियमही हेच सांगतो: पीबीटी तपासणी मूळ पदार्थापुरती नाही, महत्त्वाच्या रूपांतरित पदार्थांची आणि ०.१ टक्का किंवा जास्त असलेल्या घटकांची व अशुद्धींचीही करायची. ‘मूळ पदार्थ ९५ टक्के नाहीसा’ या वाक्यापुढे नव्या पदार्थांची यादी नसेल तर ती मागा.

९. लॉग केओडब्ल्यू ४.५ च्या खाली आहे. जैवसंचयाची चाचणी टाळता येईल?

बहुतेक वेळा हो. पदार्थ ऑक्टेनॉल आणि पाणी एकत्र असताना ऑक्टेनॉलमध्ये किती पटीने जास्त जातो, त्याचा हा लघुगणक. ऑक्टेनॉल इथे चरबीच्या जागी धरलेलं असतं. ४.५ म्हणजे सुमारे ३१,६०० पट. त्याच्या आत असलेला पदार्थ जलचरांत मर्यादेबाहेर साठणार नाही असं धरतात. सौंदर्यप्रसाधनांतलं परिरक्षक मिथाइल पॅराबेन, त्याचा आकडा २ च्या आसपास आहे, ब्युटिल पॅराबेनचा साडेतीनच्या. ट्रायक्लोसान ४.७ च्या पुढे, म्हणून त्याला प्रत्यक्ष मोजमाप लागतं.

अपवाद बरेच आहेत. साबणासारखे रेणू दोन थरांच्या सीमेवरच बसतात, त्यांचा हा आकडा नीट मोजता येत नाही. भार घेणाऱ्या पदार्थाचा आकडा पाण्याच्या आम्लतेप्रमाणे बदलतो, त्यामुळे कुठल्या सामूला (पीएचला) मोजला ते विचारा. काही पदार्थ चरबीत जातच नाहीत, रक्तातल्या प्रथिनांना चिकटतात. पीएफओएस हे फ्लोरिनयुक्त रसायन त्याचं गाजलेलं उदाहरण. आणि हवेत श्वास घेणाऱ्या प्राण्यांना कल्ल्यांवाटे पदार्थ पाण्यात टाकून देता येत नाही. त्यांच्यासाठी लॉग केओडब्ल्यू २ च्या वर आणि ऑक्टेनॉल-हवेचा तसाच आकडा ५ च्या वर असला तरी थांबून विचार करावा लागतो.

१०. बीसीएफ प्रत्यक्षात कसा काढतात?

ओईसीडी ३०५ प्रमाणे मासे साधारण २८ दिवस पदार्थ मिसळलेल्या वाहत्या पाण्यात ठेवतात, मग स्वच्छ पाण्यात हलवतात. पहिल्या टप्प्यात पदार्थ अंगात शिरण्याचा वेग मिळतो, दुसऱ्यात बाहेर पडण्याचा. पहिल्याला दुसऱ्याने भागलं की बीसीएफ. समजा शिरण्याचा वेग दिवसाला ४०० लिटर प्रति किलो आणि बाहेर पडण्याचा ०.२ प्रतिदिन. भागाकार २००० येतो, म्हणजे बरोबर रेघेवर. पाण्यात लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम असेल तर माशात किलोला २०० मायक्रोग्रॅम.

रेघेवरच्या आकड्यात तीन गोष्टी बघायच्या. माशाच्या अंगातली चरबी ५ टक्के धरून आकडा सुधारला का? मासा वाढल्याने मात्रा पातळ झाली, ती ‘बाहेर पडली’ म्हणून मोजली गेली नाही ना? आणि किरणोत्सारी खूण असेल तर मोजलेला मूळ पदार्थच होता की माशाच्या यकृताने मोडलेले तुकडेही त्यात आले? दुसरी चूक आकडा खाली आणते, तिसरी वर नेते.

पदार्थ पाण्यात जवळजवळ विरघळतच नसेल तर तो खाद्यातून देऊन चाचणी करतात.

११. माशावर ९६ तासांची चाचणी झाली आहे. विषारीपणासाठी तेवढी पुरे का?

क्वचितच. निम्मे मासे मारणारी, निम्मे डाफ्निया (पाण्यातले बारीक कवचधारी जीव) निश्चल करणारी किंवा शैवालाची वाढ निम्म्यावर आणणारी मात्रा ०.०१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली असेल तर टी तिथेच सिद्ध होतो. ०.१ च्या खाली असेल तर संशय. पण आकडा त्याहून वर आला म्हणून सुटका नाही, कारण चार दिवसांत मासा मरत नाही याचा अर्थ त्याची अंडी उबतील असा नव्हे. दीर्घकालीन चाचण्या लागतात: डाफ्नियाच्या पिलावळीची ओईसीडी २११, माशाच्या बालावस्थेची २१०. परिरक्षकांच्या बाबतीत शैवालाची २०१ विसरू नका. ट्रायक्लोसानसारख्यांचा फटका माशाआधी शैवालाला बसतो.

१२. जैवसंचय अजिबात नाही, पाण्यात छान विरघळतं. मग टिकाऊ असलं तर काय बिघडलं?

ते पाण्याबरोबर जातं, बिघडतं ते इथे. गाळाला चिकटत नाही, माशात थांबत नाही, मातीतून झिरपून भूजलात उतरतं आणि पिण्याच्या पाण्याच्या प्रक्रियेतूनही पार होऊ शकतं. युरोपीय संघाने २०२३ मध्ये वर्गीकरणाच्या नियमांत टिकाऊ, वाहता आणि विषारी असा वेगळा धोका-वर्ग आणला तो याचसाठी. ‘बी नाही’ या शेऱ्याने मी पूर्वी जेवढा निश्चिंत व्हायचो तेवढा आता होत नाही.

१३. लवकर मोडतं, पण रोज नाल्यात जातं. त्याचा हिशोब कसा?

समजा रोज १ किलो येतं आणि अर्धायुष्य ४० दिवस आहे. काही महिन्यांनी पाण्यात कायम सुमारे ५८ किलो राहील. अर्धायुष्य २ दिवस असेल तर सुमारे ३ किलो, पण तेही कायम. मोडणं आणि येणं यांचा तोल साधलेला असतो. तिथल्या माशाच्या दृष्टीने पदार्थ कधी संपतच नाही. पीबीटीच्या निकषांत हे येत नाही, म्हणून वापराचं प्रमाण धरून धोक्याचं मूल्यमापन वेगळं करावंच लागतं.

१४. चांदी, तांबं, बोरिक आम्ल यांचं काय?

त्यांना हे निकष लावत नाहीत. रीचमधले पीबीटी निकष सेंद्रिय पदार्थांसाठी आहेत, धातू-सेंद्रिय संयुगांसह. मूलद्रव्य मोडत नसतं, त्यामुळे अर्धायुष्याला अर्थ नाही. टिन असूनही ट्रायब्युटिल टिन निकषांत येतं ते त्याच्या सेंद्रिय भागामुळे.

१५. तीनपैकी दोनच निकष पुरे झाले. परवानगीत अडचण येईल का?

युरोपीय संघाच्या जैवनाशक उत्पादनांच्या नियमात, म्हणजे ५२८/२०१२ मध्ये, दोन निकष पुरे करणारा सक्रिय पदार्थ ‘बदलण्याजोगा’ ठरतो. दर वेळी त्याच्या जागी सौम्य पर्याय आहे का हे तपासावं लागतं. तिन्ही पुरे झाले, किंवा तो अतिटिकाऊ आणि अतिसंचयी ठरला, तर परवानगी मूळात मिळतच नाही. अपवाद मोजके आणि अटींसह.

१६. एकाच परिरक्षकाचे दोन अहवाल आहेत. एकात अर्धायुष्य १२ दिवस, दुसऱ्यात ९५. कुठला धरायचा?

सरासरी काढू नका, हे पहिलं. आधी दोन्ही एकाच माध्यमाचे आहेत का ते बघा. पाण्यात १२ आणि गाळात ९५ यांत विरोध काहीच नाही. मग तापमान (प्रश्न ६), पदार्थाची मात्रा (प्रश्न ४), आणि ‘नाहीसं झालं’ याचा अर्थ त्या प्रयोगशाळेने काय घेतला (प्रश्न ७). बऱ्याचदा फरक इथेच उलगडतो.

हे सगळं सारखं असूनही आकडे वेगळे राहिले, तर बहुधा नमुने वेगळे आहेत. एका नदीच्या पाण्यातल्या सूक्ष्मजीवांना तो पदार्थ आधीपासून ओळखीचा असेल, दुसऱ्या नदीतल्यांना नसेल. सांडपाणी प्रकल्पाच्या खालच्या अंगाला घेतलेल्या नमुन्यात पदार्थ झरझर मोडतो आणि वरच्या अंगाला रेंगाळतो, असं होऊ शकतं. मग दोन्ही चाचण्या खऱ्या. पदार्थ ज्या पाण्यात पहिल्यांदाच जाणार आहे तिथे ९५ दिवसच गृहीत धरायला हवेत, कारण तिथल्या जीवांना तो १२ दिवसांत मोडणारे शेजारी अजून मिळालेले नसतात.